डब्याच्या दुधावरचे पाच महिने

मी पलटणीतून घरी आलो तेव्हा माझी मुलगी पाच महिन्यांची होती आणि मी तिला अजून पाहिलेलं नव्हतं. लढाईच्या शेवटच्या वर्षी महिनाभराची रजा मिळाली होती. रजा संपवून मी बसऱ्याजवळच्या डेपोत परत गेलो आणि पुढं पत्रातून मुलगी झाल्याचं कळलं. त्याच्या पुढच्या पत्रात होतं की बाळंतपणानंतर बायकोला हिवतापानं धरलं, अंगावरचं दूध आटलं आणि पोर शेळीच्या दुधावर आहे. पत्र गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं असायचं, त्यामुळं त्यात रडं नसायचं. एवढीच ओळ. पण ती ओळ वाचल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

आमचं गाव लोणंदपासून दोन कोसांवर. जमीन कोरडवाहू, बाजरी आणि मटकीची. शेजारी धनगरांची चार घरं. त्यांच्यातल्याच एका म्हातारीची शेळी माझ्या पोरीला दूध देत होती. मी घरी पोचलो तेव्हा ती म्हातारीच अंगणात पोरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि बोंडल्यानं दूध पाजत होती. पोरगी काळीसावळी, हातापायानं काडी, पण डोळे असे लुकलुकत होते आणि पाय असे झाडत होती की दूध सांडून म्हातारीचं लुगडं भिजून गेलं होतं.

माझी आई म्हणाली, "बघ, तुझा बा आलाय. साहेब झालाय."

मी पोरीला उचलली. चार वर्षं मी पोती, पेट्या आणि डबे उचलत होतो. त्या हातांना ती अगदीच हलकी लागली. मी तिथंच, बूट काढायच्या आधी, मनाशी पक्कं केलं की हिला शेळीच्या दुधावर वाढवायची नाही.

यामागं काय होतं ते सांगायला हवं. डेपोत मी स्टोअरमन होतो. पलटणीला जे जे खायला लागतं ते आमच्या हातून जायचं. आटा, डाळ आणि तूप होतंच, पण डबे! मासळीचे डबे, फळांचे डबे, लोण्याचे, दुधाचे. गोऱ्या पलटणींसाठी एक चपटा रुंद डबा यायचा. त्यात कणकेच्या जाड पारीत मटणाचे तुकडे, बटाटा, रस्सा असं सगळं भरून, शिजवून, वर झाकण ठोकलेलं असायचं. साहेब लोक त्याला पाय म्हणायचे. उकळत्या पाण्यात डबा ठेवायचा, पत्रा कापायचा की जेवण तयार. त्यांच्या मोठ्या सणाला एका गोऱ्या सार्जंटनं मला त्यातला अर्धा दिला होता. मटणच आहे ना हे मी तीनदा विचारून घेतलं. वाळवंटात, थंडीनं दात वाजत असताना, चूल नाही, जळण नाही, वाटण नाही, आणि हातात वाफाळतं जेवण. मला त्याची चव फारशी आठवत नाही. आठवतं ते हे, की खाताना मला आमच्या घरातली चूल दिसत होती. ओल्या जळणाचा धूर, फुंकून फुंकून लाल झालेले आईचे डोळे. आणि वाटत होतं, हे आपल्याकडं का नाही? बायकांनी जन्मभर का फुंकायचं?

घरी येताना मी दोन पेट्या दुधाच्या डब्यांच्या आणल्या. लढाई संपल्यावर उरलेला माल सरकार डिस्पोजलमध्ये विकायला काढत होतं. पुण्यात त्या कामावर असलेल्या माझ्या एका दोस्तानं त्या मिळवून दिल्या आणि आणखी लागल्या तर रेल्वेनं पाठवतो म्हणाला. घट्ट, गोड, पिवळसर दूध. भोक पाडायचं, चमचाभर काढायचं, पाण्यात ढवळायचं. शिवाय पलटणीतली बिस्किटं आणि त्या पायचे दोन डबे.

पायचा डबा मी दुसऱ्या दिवशी, गरम न करताच, घरात सगळ्यांपुढं उघडला.

"काय हाय ह्यात?" आईनं विचारलं.

"पाय."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हंजी? पाय म्हणत्यात त्याला. बकऱ्याचं मटण हाय."

"मग बकऱ्याचा पाय म्हण की."

वडील हसले. बायको भिंतीकडं तोंड करून हसली. मी चिडलो, पण मग मलाही हसू आलं. आईनं एक घास तोंडात घातला, जिभेवर इकडून तिकडं फिरवला. थंड चरबी टाळूला चिकटली असणार, कारण तिनं बोट घालून ती काढली. मग म्हणाली, "कुणाच्या हातचं हाय रं हे?"

ते कुठं शिजलं, कधी शिजलं, कुणी शिजवलं हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "मशिनीतनं येतंय."

"मग मशिनीला मीठ घालाया शिकवा," आई म्हणाली आणि उठून गेली.

दुधाच्या डब्याचं मात्र मी हसण्यावारी जाऊ दिलं नाही. त्याच दिवशी मी धनगराच्या म्हातारीला सांगितलं की उद्यापासून दूध नको. ती नुसतं पोरीच्या कपाळाला बोट लावून गेली. आई पोरीला नाचणीची पेज, वरणाचं पाणी, कधी पिकल्या केळ्याचं बोट चाखवायला लागली होती. तेही मी बंद केलं. बायकोनं एकदाच विचारलं, "आवं, नुसतं ह्याच्यावर कसं व्हईल? पेज तरी देऊ का?"

"काय गरज न्हाई. सगळं असतंय त्यात. साहेबांची पोरं ह्याच्यावरच वाढत्यात."

मी एकाही साहेबाचं पोर पाहिलेलं नव्हतं.

आणि पोरगी सुधारली. ते मी नाकारत नाही. महिन्याभरात गाल वर आले, मनगटाला वळ्या पडल्या, रंग उजळला. लोक बघायला यायचे. वाणी यायचा, पाटलाची सून यायची. मी सगळ्यांना डबा दाखवायचो, भोक कसं पाडायचं ते दाखवायचो, चमचा कसा पाण्यात भिजवून घ्यायचा ते दाखवायचो. दोन बायकांनी आपल्या पोरांसाठी डबे मागितले. मी दिले नाहीत, कारण माझ्या पोरीला कमी पडतील असं वाटलं. आज वाटतं, त्या हट्टापायी का होईना, दोन पोरं वाचली.

त्या दिवसांत मला बसवत नव्हतं. शेतात औत धरलं तर चार तासांत मन उडायचं. सकाळी बिगूल नाही, हजेरी नाही, आज काय द्यायचं आणि काय यायचंय याची यादी नाही. घरात बसलं की डोळे आपोआप कोपऱ्यात रचलेल्या पेट्यांकडं जायचे आणि मी त्या उगाच पुन्हा रचायचो. गावातले काही लोक मला सरकारचा माणूस समजून चार हात लांब बसायचे. चावडीकडं गेलो की बोलणं थांबायचं. मग मी उठून लोणंदला चालत जायचो, स्टेशनावर गाडी येऊन जाईपर्यंत उभा राहायचो आणि परत यायचो. कशाला जायचो? माहीत नाही. तिथं पेट्या चढताना-उतरताना दिसायच्या, तेवढंच बरं वाटायचं. पोरीचे फुगलेले गाल हीच त्या वेळी माझी एक गोष्ट होती जी बिनचूक चालली होती. म्हणून मी तिला एकसारखा उचलून मिरवायचो.

उन्हाळा संपला, पेरण्या झाल्या. दोस्तानं आणखी दोन पेट्या पाठवल्या. पोरीला दहावा महिना लागला.

पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "पोरगी पाय झाडंना झालीया."

मी म्हणालो, "अंगानं भरलीया. जड झालीया."

आठवड्यानं पोरगी उचलली की रडायला लागली. आधी कुरकुर, मग किंचाळणं. दुपटं बदलताना किंचाळायची. कुणी नुसतं जवळ आलं तरी, आता हा उचलणार म्हणून किंचाळायची. खाली ठेवली की गप्प. पाठीवर पडून राहायची, दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून बाहेर टाकलेले, बेडकासारखे. तासन् तास तशीच. ज्या पोरीनं म्हातारीचं लुगडं लाथांनी भिजवलं होतं ती आता माशी बसली तरी पाय हलवत नव्हती.

आईनं दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, विस्तवावर टाकल्या. मला ते पटत नव्हतं, पण मी अडवलं नाही. वडील म्हणाले, कुणीतरी पाडली असंल, हाड मोडलं असंल. पलीकडच्या गावाहून हाडवैद्याला आणलं. भला माणूस होता, उगाच त्याला बोल लावत नाही. त्यानं डावी मांडी हातात धरली आणि हलकेच ओढली. पोरीनं जो आवाज काढला तो मी लढाईतही ऐकला नव्हता. मग आवाज बंद झाला आणि ओठ निळे पडले. बायकोनं वैद्याच्या हातातून पोरगी हिसकावून घेतली. सासऱ्यासमोर, परक्या माणसासमोर, डोक्यावरचा पदर खाली पडलेला, आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"न्हाई मोडल्यालं," वैद्य म्हणाला. "हाड शाबूत हाय. पर मांडी सुजलीया. ही गत माज्या इद्येत बसत न्हाई."

त्याच दिवशी बोंडल्याच्या कापसाला रक्त लागलेलं बायकोला दिसलं. पोरीला वरचे दात येत होते. त्या जागी हिरडी जांभळी, करवंदासारखी फुगली होती.

बायकोचं माहेर तासगावकडचं. तिचा भाऊ सांगलीत हळदीच्या पेठेत कामाला होता आणि तिथल्या एका डॉक्टरांचं नाव तो नेहमी काढायचा. "मला भावाकडं न्या," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. मी हो म्हणालो. सामान बांधताना तिनं बोचक्यात दुधाचा एक डबा टाकलेला मी पाहिला. वाटेत पोरीला लागेल म्हणून असेल असं मला वाटलं.

लोणंदला सकाळच्या गाडीत बसलो. बायकोनं पोरीला मांडीवर घेतलं नव्हतं. एक उशी बाकावर ठेवून तिच्यावर निजवली होती आणि गाडीचे हिसके बसू नयेत म्हणून दोन्ही हातांनी उशी जरा वर धरली होती. मिरजेपर्यंत तशीच धरून बसली. मी म्हणालो, मी धरतो. तिनं मान हलवली. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं कौतुकानं विचारलं, "गुटगुटीत हाय की लेकरू. काय झालंय?" तेव्हा मी खिडकीबाहेर बघायला लागलो. मला उठून डब्यात येरझाऱ्या घालायच्या होत्या, पण गर्दीत पाय ठेवायला जागा नव्हती. गुडघा आपोआप थडथडत होता. बायकोनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, मी तो हातानं दाबून धरला.

कऱ्हाड गेल्यावर मी हळूच विचारलं, "तुला काय वाटतंय?"

तिनं आधी उशी सावरून धरली. मग म्हणाली, "मला पैल्या महिन्यापासनं काय वाटतंय ते तुमी कवा इचारलं न्हाई."

एवढंच. आवाज चढवला नाही. पण पुढं सांगलीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही आणि मी तिच्याशी बोलायची हिंमत केली नाही. मिरजेला गाडी बदलली. सांगलीला तिचा भाऊ आम्हाला घ्यायला आला होता. त्याच्या अंगाला हळदीचा वास होता, बाह्या पिवळ्या होत्या. त्यानं भाचीकडं पाहिलं आणि काही न विचारता सरळ दवाखान्याचा रस्ता धरला.

डॉक्टर साठीचे असतील. दवाखाना म्हणजे रस्त्याकडेच्या दोन खोल्या. त्यांनी पोरीला उचललं नाही. टेबलावर ठेवायला सांगितलं, लांबूनच दोन मिनिटं पाहिली. मग तिच्या पायाकडं नुसतं बोट नेलं. बोट लागायच्या आधीच ती किंचाळली. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हवं ते मिळालं. चमच्याच्या दांड्यानं ओठ वर करून हिरडी पाहिली.

"काय खाते?"

"दूध," मी म्हणालो.

"कोणाचं? आईचं?"

"डब्याचं. चांगलं असतं साहेब, पलटणीतलं..."

"आणखी काय?"

"त्यातच सगळं..." माझं वाक्य पुरं झालं नाही.

"काय बी न्हाई," बायको म्हणाली. "पेज न्हाई, वरण न्हाई, फळ न्हाई. फाल्गुनापासनं नुसतं हे." आणि तिनं बोचक्यातून डबा काढून टेबलावर ठेवला. तिनं तो पोरीसाठी घेतलेला नव्हता.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि डबा फिरवत फिरवत वाचायला लागले. मी ते डबे चार वर्षं हाताळले होते. रंगावरून, आकारावरून, वरच्या आकड्यावरून मी डोळे मिटून कुठला माल ते सांगितलं असतं. इंग्रजी अक्षरं मला तेवढ्यापुरतीच यायची. डॉक्टरांचं बोट तळाजवळच्या एका बारीक ओळीवर थांबलं.

"तुम्ही पलटणीत काय होता?"

"स्टोअरमन."

"ही ओळ वाचता येते?"

"न्हाई साहेब."

"इथं लिहिलंय, साय काढलेलं दूध. लहान मुलांना योग्य नाही."

बाहेर रस्त्यावरून बैलगाडी चालली होती, तिची घुंगरं ऐकू येत होती. मी डबा हातात घेतला आणि ती ओळ पाहिली. ती मला दिसत होती, पण माझ्याशी काही बोलत नव्हती. मग मी ती बायकोकडं केली. का केली? तिलाही वाचता येत नव्हतं.

डॉक्टर रागावले नाहीत, आणि तेच मला सोसेना. ते शांतपणे सांगत होते. दुधातली साय काढून घेतात, उरलेलं आटवतात आणि टिकावं म्हणून त्यात बेसुमार साखर घालतात. साखरेनं पोर फुगतं, बघणाऱ्याला गुटगुटीत वाटतं. पण ताज्या अन्नात, फळात, पालेभाजीत जे जीवनसत्त्व असतं ते यात नाही. ते नसलं की हिरड्यांतून रक्त येतं, हाडाभोवती आतल्या आत रक्त साचतं. "तिची मांडी म्हणून दुखते. पोट भरलेलं आहे तुमच्या पोरीचं, पण ती उपाशी आहे. पाच महिने उपाशी आहे."

मग त्यांनी मला विचारलं, "पलटणीत तुम्हाला लिंबाचा रस देत नव्हते?"

देत होते. माझ्याच हातानं देत होतो मी. ज्या तळांवर भाजी पोचत नसे तिथं लिंबाच्या रसाच्या बाटल्या जायच्या आणि माणसामागं रोज इतका असा हुकूम असायचा. एकदा लांबच्या एका तळावरून तक्रार आली होती की जवानांच्या हिरड्यांतून रक्त येतंय, आणि दुसऱ्याच दिवशी मी तिकडं बाटल्यांची पेटी चढवली होती. स्वतःच्या हातानं खिळे ठोकून. मला कळायचं नाही असं नव्हतं. घरात जांभळी हिरडी पाहिली तेव्हा ती पेटी मला आठवली नाही, एवढंच. ती पलटणीतली गोष्ट होती. पोरगी घरातली.

"बरी व्हईल का?" बायकोनं विचारलं.

"मोसंबी मिळतात पेठेत. आजपासून रस द्या. आधी दोन चमचे, मग वाढवत न्या. टोमॅटोचा रस गाळून दिला तरी चालेल. ताजं दूध, पेज, वरणाचं पाणी सुरू करा. आणि चार दिवस तिला कुणी उचलायचं नाही." मग माझ्याकडं बघून, "औषध नाही काही. एवढंच औषध आहे."

भाऊ धावत पेठेत गेला. त्याच्या घराच्या ओसरीवर बायकोनं मोसंबं पिळलं. मी ओसरीवर इकडून तिकडं फेऱ्या घालत राहिलो. पोरीनं पहिला चमचा थुंकला. गोडाची सवय लागलेली. दुसरा थुंकला. तिसरा अर्धा आत गेला. ती तोंड वाकडं करून रडत होती आणि बायको मला म्हणाली, "तुमी बाहीर जावा. तुमच्या येरझाऱ्यांनी ती भ्याय लागलीया."

मी गेलो. तीन दिवस मी सांगली पायाखाली घातली. कृष्णेच्या घाटावर बसायचो आणि लगेच उठायचो. पेठेत हळदीची पोती मोजली जात होती, तिथं उभा राहायचो. दुकानांत रचलेले बिस्किटांचे पुडे, बाटल्या, डबे दिसले की जवळ जाऊन त्यांच्यावरची अक्षरं बघायचो. मराठी असलं तर वाचायचो, इंग्रजी असलं तर दुकानदाराला विचारायचो, काय लिहिलंय इथं? एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, "घ्यायचंय का नुसतं वाचायचंय?" मी पुढच्या दुकानाकडं वळलो. लढाईच्या गडबडीत माल कुठला कुठं जाई, कुणाच्या हाती पडे. ज्यानं ती ओळ छापली त्यानं आपलं काम केलं होतं. मग चूक कुणाची, हे फिरताना मी सारखं जमवत होतो. दरवेळी ते फिरून माझ्याच दारात येत होतं. धनगराच्या म्हातारीला "उद्यापासून दूध नको" म्हणालो तेव्हा माझा आवाज कसा होता ते आठवायचं. हवालदारासारखा.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आलो तर बायको दारातच उभी होती. तोंडावर बोट ठेवून तिनं मला आत बोलावलं. पोरगी उशीवर पडलेली होती. जागी होती आणि रडत नव्हती. बायकोनं तिच्या पोटावर हात ठेवला, तरी रडली नाही. आम्ही दोघं तिच्या पायांकडं बघत उभे राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग उजव्या पायाची बोटं हलली. मग तो पाय, जेमतेम वीतभर, सरळ झाला आणि पुन्हा दुमडला.

बायको खाली बसली आणि रडायला लागली. इतके दिवस ती रडली नव्हती. मी तिच्या शेजारी बसलो. खूप दिवसांनी मी एका जागी बसलो होतो.

दोन आठवडे आम्ही सांगलीत राहिलो. डावा पाय हलायला दहा दिवस लागले. चेहऱ्यावरची सूज ओसरली तशी पोरगी पुन्हा बारीक दिसायला लागली, आणि मला पहिल्यांदाच तिची हनुवटी बायकोसारखी आहे हे दिसलं. डॉक्टरांकडं शेवटचं दाखवायला गेलो तेव्हा मी विचारलं, "साहेब, डबे सगळे फेकून देऊ का?"

"का? ते विष नाही. मोठ्या माणसांनी चहात घालावं. तुम्ही लोकांनी डब्याकडून एवढी अपेक्षा ठेवली, ती त्यानं कधी कबूल केली होती?"

गावी आल्यावर मी पहिल्यांदा धनगराच्या म्हातारीकडं गेलो. बायकोला पाठवणं सोपं होतं, पण स्वतः गेलो. ती शेळीच्या खुरातला काटा काढत होती. मी म्हणालो, "मावशे, दूध पायजे हाय."

"शेळी आटलीया," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं पाहून, "माज्या भावजयीची हाय. तिच्याकडनं आणून दीन. पोर कशी हाय?"

मी सगळं सांगितलं. ओळीचं सुद्धा. ती म्हणाली, "मला तरी कुटं वाचाया येतंय?" आणि पुन्हा खुराकडं वळली. तिला मला दिलासा द्यायचा होता की नाही, मला कळलं नाही.

मास्तरांकडं मी इंग्रजी शिकायला जायला लागलो. शाळा सुटल्यावर, पोरांच्या बाकावर गुडघे वर काढून. मास्तर धड्यातलं शिकवायचे आणि मी धीर न धरता डबे घेऊन जायचो. तीन महिन्यांत डब्यावरचं सगळं वाचायला यायला लागलं, धडा मात्र एकही पुरा झाला नाही.

दोस्ताला मी पत्र लिहिलं की आता पेट्या पाठवू नकोस. पण उरलेल्या दीड पेटीचं काय करायचं हे ठरेना. ती कोपऱ्यात दिसली की मी तोंड फिरवायचो. एकदा मी ती ओढत विहिरीपर्यंत नेली होती. वडील म्हणाले, "पाणी नासंल." परत आणली.

दिवाळीनंतर धनगरांची मेंढरं कातरायला दहा-बारा माणसं जमली. आमच्याच खळ्यावर कातरणी चालायची. दुपारी बायकोनं मोठ्या पातेल्यात चहा ठेवला आणि मला न विचारता तीन डबे फोडून त्यात ओतले. चहा दाट, पिवळा झाला. कातरणाऱ्यांनी लोकरीनं भरलेले हात झटकले आणि वाट्या पुढं केल्या.

"लय ग्वाड केलाय गड्या," एक जण म्हणाला. "साखर रेशनवर, आन् तुमच्याकडं ही चैन!"

"आनि घाल, वैनी," दुसरा म्हणाला.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी आत गेलो आणि आणखी दोन डबे घेऊन आलो. पोरगी तेव्हा वर्षाची झाली होती. लोकरीच्या ढिगाला धरून उभी राहायची, ढीग कलंडायचा, ती आपटायची आणि पुन्हा धरायची. आईनं तिच्या हातात भाकरीचा पापुद्रा दिला होता, तो लोकरीत माखला होता. मी तो काढून घ्यायला वाकलो, मग तसाच राहू दिला आणि डब्याला भोक पाडायला बसलो.